बँकअण्णा

माझ्या दुकानात पासपोर्टची झेरॉक्स काढायला आलेला मुलगा परत जाताना उजवा हात पिवळा करून जातो.

दुकान ताथवड्यात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रस्त्यावर आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज. मी मूळची उदगीरची. नवऱ्याला चाकणला नोकरी लागली म्हणून या बाजूला आले, आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून दुकान टाकलं. परदेशी शिकायला जाणारी मुलं हे माझं खरं गिऱ्हाईक. त्यांची कागदं संपता संपत नाहीत. दहावीच्या मार्कशीटपासून बापाच्या सातबाऱ्यापर्यंत सगळं तीन-तीन प्रतींत लागतं, आणि एवढं करून मुलं वर थँक्यू म्हणतात. असं गिऱ्हाईक काउंटरला टेकलं, की आतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून एक खणखणीत आवाज येतो.

“कुठं चाललास, बाळा?”

“आयर्लंड.”

“तिथं खातं उघडशील का न्हाई?”

“उघडावंच लागेल ना, आजोबा.”

“मग उचल भंडारा. म्हण, माझ्या खात्यात माझाच पैसा. दुसऱ्याचा पैसा एक दिस बी ठेवनार न्हाई. भावाचा न्हाई, मैतराचा न्हाई, उपाशी मानसाचा न्हाई.”

‘उपाशी माणसाचा नाही’ इथं मुलगा अडखळतो आणि माझ्याकडे बघतो. मी मशीनकडे बघते.

खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द या भागात अजून चालतो. बांधाची भांडणं आणि भावकीतले संशय त्यावर मिटतात. पण परदेशातल्या बँकेसाठी तो उचलायला लावणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत एकच. काळूरामअण्णा. गाव चाकणच्या अलीकडे, वय सत्तरीच्या पलीकडे. पांढरा सदरा, टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात भंडाऱ्याची कापडी पिशवी. गावात त्यांना बँकअण्णा म्हणतात. का म्हणतात ते पुढे येईलच.

सुरुवातीला मला या प्रकरणाचा फार राग यायचा. व्हिसाच्या कागदांवर पिवळी बोटं उमटायची. एका मुलीच्या प्रवेशपत्रावर तर अशी पाचही बोटं बसली, की तिचा एजंट मला फोन करून विचारायला लागला, की मॅडम, तुमच्याकडे प्रिंटसोबत हळदीकुंकूही असतं का. तेव्हापासून मी काउंटरवर ओलं फडकं ठेवते. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. “हात पुसू दे की,” म्हणतात. “तोंडानं म्हटलं ना, बास.”

शेख नावाचा एक मुलगा आला होता, पोलंडला निघालेला. मला वाटलं, आता तरी अण्णा गप्प बसतील. अण्णांनी पिशवी खिशात ठेवली आणि म्हणाले, “तू आईची घे. ती समद्यांनाच असती.” त्या पोरानं हसत हसत घेतलीसुद्धा.

अण्णा स्वतः कधी परदेशात गेलेले नाहीत. विमान त्यांनी पाहिलं ते लोहगावला उतरताना, खालून. पण कुठल्या देशातली बँक खातं उघडायला काय काय मागते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ते त्यांनी इथंच बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना विचारून विचारून गोळा केलं. इंग्लंडवर त्यांचा विशेष राग.

“खातं उघडाया गेलं की म्हनत्यात, घराचा पत्ता दाव. घर भाड्यानं घ्याया गेलं की म्हनत्यात, खातं दाव. आधी कोंबडी का आधी अंडं, आन दोन्ही ह्यांनी कपाटात घालून कुलूप लावल्यालं.”

जर्मनीबद्दल त्यांचं मत जरा बरं आहे. तिथं जाणाऱ्या मुलाला वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात भरावे लागतात, आणि मग बँक त्याचेच पैसे त्याला दर महिन्याला थोडे थोडे देते. हे कळलं तेव्हा अण्णा खूश झाले. “आमची आजी असंच करायची. पैका आपला, पर सुटायचा तिच्या कनवटीतनं. पोरगं बिघडत न्हाई त्यानं.” तेव्हापासून जर्मनीला जाणाऱ्याला ते जरा मवाळपणे शपथ देतात.

शपथेनं भागलं असतं तर ठीक होतं. पण अण्णा परीक्षाही घेतात.

ही परीक्षा बघायला शेजारचा चहावाला हातातलं काम टाकून येतो. अण्णा खुर्चीवरून उठतात, टोपी काढून हातात घेतात, खांदे पाडतात आणि एकदम कुणी दुसराच माणूस होतात. “समज, मी तुझा रूममेट. बीडचा हाय. घरमालक कागद देईना म्हनून माझं खातं उघडंना. हाटेलात भांडी घासतो, मालक म्हनतो पगार खात्यातच टाकनार. तीन दिस पावावर काढल्यात, भावा. तुझ्या खात्यात घे की एवढा पगार. आलं की मला काढून दे.” बोलता बोलता त्यांचा आवाज असा कापतो, की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघतो.

समोरचा मुलगा हसतो. मग हसायचा थांबतो. मग म्हणतो, “बरं, एवढ्या वेळेला घेतो.”

काउंटरवर थाप. “नापास!”

एकदा एका मुलाची आई सोबत होती, आकुर्डीहून आलेली. मुलगा पहिल्या फटक्यात नापास झाला, तशी बाई भडकली. “अहो आजोबा, मी माझ्या मुलाला माणुसकी शिकवलीय. तुम्ही काय शिकवताय?”

“तेच,” अण्णा म्हणाले, “तेच म्हनतो मी. चांगल्या घरची पोरं लगीच नापास व्हत्यात. मघाशी एक टगं आलं व्हतं, ते पटकन म्हनलं, मर उपाशी. ते पास.”

बाई मुलाला ओढत घेऊन गेली. लॅमिनेशनला दिलेले कागदही न घेता. ते मला दुसऱ्या दिवशी फोन करकरून द्यावे लागले, आणि त्या दिवशी मी अण्णांना सुनावलं, की माझा धंदा बसवायचा असेल तर सरळ सांगा, मी आपली पोळीभाजी केंद्र काढते. तसं त्यांना बसू नका म्हणून सांगणं मला कधीच जमलं नसतं, कारण हा माणूस चाकणहून निगडी आणि निगडीहून ताथवडे अशा बस बदलत इथं का येतो, ते तोपर्यंत मला माहीत झालं होतं.

चाकणला कंपन्या आल्या तेव्हा अण्णांनी, शेत त्यांत गेल्यावर उरलेल्या जागेवर, पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि बाहेरून आलेल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. बहुतेक मुलं आमच्याच भागातली, नांदेड, परभणी, बीडची. ठेकेदार पगार खात्यात टाकायचा आणि या मुलांची खातीच नव्हती. बँक पत्त्याचा कागद मागायची. पत्ता काय, तर काळूरामची खोली, नळाच्या मागे, आणि तीही गेल्या महिन्यापासून. शेवटी अण्णांनी स्वतःचं खातं पुढं केलं. सगळ्या खोल्यांचा पगार अण्णांच्या खात्यात यायचा. पगाराच्या दिवशी अण्णा बँकेतून रोकड आणून ओट्यावर बसायचे आणि नाव घेऊन ज्याचं त्याला हातात द्यायचे. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. कुणी दारू पिणारा असला तर त्याचे निम्मे ठेवून घ्यायचे आणि परस्पर गावाकडे बायकोला पाठवायचे. त्यावरून एकानं शिव्या दिल्या होत्या, आणि पुढे त्याच माणसानं मुलीच्या लग्नात अण्णांना पहिला आहेर केला. बँकअण्णा हे नाव तेव्हाचं. हिराकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, बँक ह्यांची आणि चहाचा खर्च माझा.

पुढे त्या मुलांची आपापली खाती झाली आणि ओट्यावरची बँक बंद पडली. पण अण्णांच्या एकुलत्या एका मुलानं, सागरनं, लहानपणी हेच पाहिलेलं. एक खातं आणि त्याच्या आसऱ्याला अख्खी चाळ. गावातले लोक बापाला हात जोडतात ते त्या खात्यापायी, हे त्याला कळत होतं.

सागर इथंच ताथवड्याला शिकला. त्याच्या व्हिसाची सगळी कागदं माझ्या दुकानातून गेली. हसरा पोरगा होता. सुट्टे पैसे नसले की म्हणायचा, “काकू, खात्यावर लिहा,” आणि दुसऱ्या दिवशी न चुकता आणून द्यायचा. इंग्लंडला एमएस्सी करायला गेला. त्याचं खातं उघडलं. खोलीतल्या दोघांचं उघडेना, एक जालन्याचा आणि एक हिंगोलीचा. सागर म्हणाला, माझ्यात घ्या. मग त्या दोघांचा एक मित्र आला. मग मित्राचा मित्र. सागरनं मोठ्या हौसेनं घरी फोन केला, “अण्णा, मी पण इथं बँक काढली!”

अण्णांनी ही बातमी गावातल्या हॉटेलात बसून सगळ्यांना सांगितली. पोरगं बापावर गेलं, म्हणाले, आणि टेबलावरच्या सगळ्यांचा चहा स्वतः दिला.

त्या मित्राच्या मित्रानं ज्याला सागरचा खातेनंबर दिला, त्याला सागरनं कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याचे पैसे आले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्याप्रमाणे पुढे गेले. ते तिथल्या एका म्हातारीचे होते, फोनवर फसवून काढलेले. बँकेनं सागरचं खातं बंद केलं. का, ते सांगायला आम्ही बांधील नाही, असं कळवलं. मग पोलीस आले. पासपोर्ट ठेवून घेतला. खटला उभा आहे आणि तारखा पडताहेत. तो मित्राचा मित्र कुठल्या कुठे गेला. पोलिसांनी सागरला विचारलं, दुसऱ्याचे पैसे तू का घेतलेस? सागर म्हणाला, आमच्या घरी असंच करतात.

तेव्हापासून तो ना तिथला ना इथला. त्याचं नाव अशा कुठल्या यादीत गेलंय, की त्या देशातली कुठलीच बँक त्याचं खातं उघडत नाही. खातं नाही म्हणून काम नाही, भाड्यानं खोली नाही. कधी या मित्राकडे झोपतो, कधी त्या. गुरुद्वारात जेवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाप इथं भाड्याच्या खोल्यांचे पैसे घेऊन बसलेला असून पोराला एक रुपया पाठवू शकत नाही. पाठवणार कुठं? रोख देणारी दुकानं असतात तिथं, पण ती पासपोर्ट मागतात. तिथल्या वकिलाची फी अण्णा इथून बँकेनं भरतात, ती पोचते. वकील म्हणतो, फीपलीकडचे पैसे मला घेता येत नाहीत. वकिलाला पैसे जातात आणि पोराला जात नाहीत, हे अण्णा मला पुन्हा पुन्हा सांगतात, जणू माझ्या मशीनमध्ये काही खटका आहे आणि तो दाबला की जातील.

घरी हिराकाकू अण्णांशी बोलत नाहीत. खातं बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “तुमच्याच शाळंत शिकला त्यो.” मग तोंड मिटलं ते मिटलं. ताट वाढतात, पाणी ठेवतात, बोलत नाहीत. अण्णांनी फोन केला तर उचलतात, ऐकतात आणि ठेवून देतात. अण्णा इथं येऊन दिवसभर बोलतात ते उगीच नाही. मला कधीकधी त्या माणसाचा वैताग येतो, पण सहा वाजता ते पिशवी खिशात घालून बसकडे निघाले, की मला आत कुठंतरी तुटतं, हे खरं आहे.

आता प्राजक्ताबद्दल सांगते, कारण तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले.

प्राजक्ता माझी भाची. कॉलेजची सगळी वर्षं आमच्याकडे राहिली आणि शेवटच्या वर्षी दुकानात बसून अण्णांच्या परीक्षा बघून बघून हसली. तिला इंग्लंडला प्रवेश मिळाला, तो नेमका सागर आहे त्याच शहरात. कागदं करायला ती माझ्याशिवाय जाणार कुणाकडे? दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मशीनवर तिच्या गुणपत्रिका निघत होत्या. अण्णांनी नेहमीसारखी टोपी काढली.

“समज, मी तुझी रूममेट. लातूरची हाय.”

“घेईन,” प्राजक्ता म्हणाली.

“आगं, पुढचं ऐक तरी.”

“ऐकलंय अण्णा, पाठ आहे. घरमालक कागद देत नाही, तीन दिवस पावावर. घेईन तिचा पगार माझ्या खात्यात. आणि तिला जेवायला घालीन.”

“नापास.”

“चालेल. नापास तर नापास. आमच्या घरी असंच शिकवलंय.”

ती हे मुद्दाम बोलली नव्हती. पण शब्द जवळजवळ तेच होते, सागरनं पोलिसांना सांगितलेले. अण्णांनी थाप मारायला उचललेला हात तसाच खाली आला. ते खुर्चीत बसले आणि टोपीकडे बघत राहिले. मी प्राजक्ताला डोळ्यांनी दटावलं, तर ही पोरगी काउंटरच्या आत येऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

“अण्णा, मला सागरदादाचं सगळं माहितेय. मावशीनं सांगितलंय. मी तिथंच चाललेय. खातं उघडलं की तुम्हाला नंबर कळवते. दर महिन्याला तुम्ही माझ्या खात्यात टाका, मी काढून त्याच्या हातात देईन. कुणाला काय कळणारे?”

ही माझ्या बहिणीची एकुलती पोरगी. तिला पाठवायला बहिणीनं स्वतःच्या अंगावरचं मोडलंय. तिचं नाव त्या यादीत गेलं तर? आणि त्याच वेळी मला त्या हसऱ्या पोराचा चेहरा दिसत होता, गुरुद्वाराच्या पंगतीत बसलेला. जे काय व्हायचं ते अण्णांच्या तोंडून होऊ दे, असं म्हणून मी मशीनमधला कागद सरळ करत उभी राहिले.

अण्णांनी विचारलं, “किती दिसांत उघडतं गं तिथं खातं?”

हा प्रश्न अण्णांनी विचारावा! कुठल्या देशात किती दिवस लागतात, कुठला कागद नसला की किती जास्त, हे मी त्यांच्याकडून ऐकून मुलांना सांगते. प्राजक्तानं काहीतरी अंदाजानं सांगितलं. अण्णा मान हलवत राहिले. त्यांची बोटं सदऱ्याच्या काठाशी चाळा करत होती. “थंडी पडली आसंल तोवर,” असं स्वतःशीच म्हणाले. “एकच जाकीट हाय त्याच्याकडं. इथनंच नेल्यालं.”

“म्हणून तर म्हणते, अण्णा.”

“न्हाई.”

“का पण?”

“त्याच्याकडं जानारा पैका तुझ्या खात्यात दिसला, का तुझं नाव त्याच्या नावाशेजारी लिवत्याल. मंग तुझ्यासाठी कोन येनार? तुझी मावशी? ती झेरॉक्स काढती.”

एवढ्यातही मला हसू आलं. प्राजक्ता मात्र हट्टाला पेटली.

“मग रोख द्या. मी पर्समध्ये नेते.”

“तिथं इमानतळावर इचारलं, कुनाचं हाय, तर काय सांगशील?”

“माझे म्हणून सांगीन.”

“हेच. हितनंच सुरू व्हतं.”

“बरं, पैसे राहू द्या. काकूंना चटणी, लाडू करायला सांगा. ते तर नेऊ?”

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याची पिशवी आपल्या नावानं न्यायची नाही, हाही त्यांचा एक नियम होता, शपथेत बसवायला जागा नव्हती म्हणून राहिलेला. आता मात्र मला राहवेना. मी म्हणाले, “अहो अण्णा, लाडवालाही आता खातं लागतं का? स्वतःच्या पोराला उपाशी मारायचा पण केलाय का तुम्ही?”

बोलले आणि जीभ चावली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“सुनंदाताई,” ते म्हणाले, “माझं पोरगं गेलं त्या फेऱ्यात. मी दुसऱ्याचं घालू? ह्या पोरीच्या आयला काय तोंड दावू? मला वाटत न्हाई का? रोज वाटतं. रोज हितं येतो आन पोरं बघतो, आन वाटतं, ह्याच्या पाया पडावं, ह्याला म्हनावं, बाबा, एवढं माझ्या सागरला पोचव. एकेक पोरगं तर लगीच तयार झालं आसतं. म्हनून तर आधी शपथ घालतो. त्यांनी हो म्हनायच्या आत.”

मी इतके महिने समजत होते, की हा माणूस मुलांना वाचवायला शपथ देतो. ते होतंच. पण तो स्वतःलाही बांधून घेत होता, रोज, येईल त्या मुलासमोर. हे कळल्यावर मला त्यांच्याकडे बघवेना.

प्राजक्तानं नाक पुसलं. ती तशी रडूबाई नाही. म्हणाली, “मग मी काय करू ते तुम्हीच सांगा. त्याच गावात राहून मी त्याला ओळखच दाखवायची नाही का?”

अण्णा खुर्चीतून पुढे सरकून, एखादा व्यवहार ठरवावा तसं तिला म्हणाले, “जेवाया बोलव त्याला. तुझ्या घरी, तुझ्या हातानं, तुझ्या पैशानं. आईतवारी म्हन, कवा बी म्हन. जेवाया घातलं म्हनून कुनी खातं बंद करत न्हाई. तिथं बी न्हाई करत. मी इचारून ठेवलंय.”

कुणाला विचारलं होतं देव जाणे. वकिलालाच विचारलं असणार, फी भरून.

“बोलवीन,” प्राजक्ता म्हणाली. “दर रविवारी बोलवीन. काय करू त्याच्यासाठी? काय आवडतं त्याला?”

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

खोल्यांतल्या एकेका भाडेकरूचं खाणंपिणं हा माणूस अजून सांगतो. परभणीच्या कुणाला ज्वारीचीच भाकरी लागायची, गंगाखेडचा कोण शनिवारी मीठ खायचा नाही, कुणाला उडदाची डाळ बाधायची. ते सगळं त्यांना पाठ आहे. आता ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि त्यांना काही आठवत नव्हतं.

“खायचा समदंच,” शेवटी ते म्हणाले. “वाढंल ते खायचा. मी... इचारलंच न्हाई कवा.”

प्राजक्ता घाईनं म्हणाली, “असू दे अण्णा, मी त्यालाच विचारीन.”

“त्यो न्हाई सांगायचा. काय बी चालतं म्हनंल. थांब.”

त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून नाव शोधलं आणि कानाला लावला. घरी लावला होता, हे मला कळलं. पलीकडे उचलल्याचंही कळलं, कारण अण्णा एकदम ताठ बसले.

“मी हाय,” ते म्हणाले.

पलीकडून काही नाही.

“ठिवू नको. ऐक. सुनंदाताईंची भाची चाललीय तिकडं, सागरच्या गावात. ती त्याला जेवाया बोलवनार हाय. पैसं न्हाई दिलं मी तिच्याकडं. शप्पत न्हाई दिलं. नुसतं जेवाया.” त्यांनी श्वास घेतला. “ती इचारती, काय आवडतं त्याला. मला सांगता यीना.”

मी मशीन बंद केलं. प्राजक्ताच्या शेवटच्या गुणपत्रिकेचा निम्मा कागद आत अडकून राहिला. चहावाला रिकामे ग्लास न्यायला आला होता, त्याला मी हातानं बाहेरच थांबवलं.

अण्णा फोन कानाला दाबून बसले होते. खूप वेळ ते नुसते बसूनच होते, आणि मला वाटलं, काकूंनी ठेवला असणार. मग त्यांचा खालचा ओठ हलला.

“व्हय,” ते म्हणाले.

पुन्हा थोडं थांबून, “व्हय.”

प्राजक्तानं विचारलं, “काय म्हणतात काकू?” अण्णांनी हातानं तिला गप्प बसायला सांगितलं. त्यांना एक शब्दही चुकू द्यायचा नव्हता. पलीकडून आता हिराकाकूंचा आवाज मलाही बारीक ऐकू येत होता. त्या काय सांगत होत्या ते कळत नव्हतं, पण त्या थांबत नव्हत्या, आणि अण्णा डोळे मिटून, मान हलवत, नुसतं व्हय, व्हय म्हणत होते.